नंबर लिहून घे, माय

“घे माय, लिहून घे,” असं म्हणून काका आधी खाकरायचे आणि मग थांबायचे. फोन कानापासून लांब धरून मेसेज बघत असणार, कारण पुढचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. चार आकडे, एकेक करून. मग पुन्हा तेच चार आकडे. “जुळलं का?” जुळलं म्हटल्याशिवाय फोन ठेवत नसत. आठवड्यातून चार-पाचदा असं, जवळजवळ दीड वर्ष.

तुमच्याही ओळखीत असा एखादा म्हातारा असेल, ज्याचा फोन आला की तुम्ही शेजारच्याला डोळा मारून स्पीकर चालू करता. आम्हीही करायचो. खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी मीच करायची.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत कंत्राटी ऑपरेटर. गावाचं नाव सांगत नाही, पोट तिथंच भरतं. पालिकेनं एक ॲप आणलं होतं. कचरा, नाली, धूर, जे काही असेल त्याचा लोकांनी फोटो काढून टाकायचा आणि आम्ही एका दिवसात तक्रार निकाली काढायची. त्यासाठी दोन गोष्टी लागत. मुकादमानं काढलेला ‘काम झाल्याचा’ फोटो, आणि तक्रार करणाऱ्याच्या मोबाइलवर गेलेला चार आकडी नंबर. तो नंबर त्यानं फोनवर सांगितला म्हणजे काम झालं हे त्यानं मान्य केलं. लोक काही दूधखुळे नव्हते. काम झाल्याशिवाय नंबर देत नसत, वर चार शिव्या देत. काका मात्र मागितला की द्यायचे.

काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. पालम, मानवत, वालूर, सगळ्या रस्त्यांवरचे खड्डे त्यांना नावानिशी माहीत. घर गावाच्या टोकाला. त्यांनी बांधलं तेव्हा मागं नुसतं माळरान होतं, कचरा डेपो नंतर आला. रोज पहाटे ठेकेदाराची माणसं ढिगाला काडी लावत. प्लॅस्टिक, टायर, तांब्यासाठी जाळलेल्या वायरी. घरात काकूंना दमा. काकांचं सगळ्या पालिकेकडं एकच मागणं होतं, ते ढीग पेटवणं बंद करा, बायकोला श्वास घेता येईना.

आता आमची करामत ऐका. धुराची तक्रार सकाळी सहाला यायची. मुकादम दहाला जायचा. तोवर सगळं जळून राख झालेली, धूर नाही, कचराही नाही. तो फोटो काढायचा आणि पाठवायचा. जागा साफ. मी काकांना फोन लावायची, काका नंबर द्यायचे, स्क्रीनवर तक्रार हिरवी व्हायची. आग विझली की तक्रारही विझली, असं आम्ही म्हणायचो आणि चहा प्यायचो.

ॲपची एक खोड होती. फोटो जागेवरच उभं राहून काढावा लागायचा, लांबून काढला की घेत नसे. काकांनी सुरुवातीला गच्चीवरून काढून पाहिला, घेतला नाही. मग ते नाकाला उपरणं बांधून रोज ढिगाशी जाऊन उभे राहू लागले. गल्लीनं त्यांचं नाव फोटोमास्तर ठेवलं. फोटोत कधी कधी त्यांचा अंगठा यायचा. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या ऑपरेटरनं त्या अंगठ्यांचे फोटो वेगळे साठवून ठेवले होते, कंटाळा आला की उघडून बघायला.

एकदा मीच चिडून विचारलं, काका, रोज रोज तीच तक्रार टाकून तुम्हाला कंटाळा येत नाही का? ते म्हणाले, “ती रातभर उठून बसायलीय माय. आडवं झालं की दम लागतो. मी दुसरं काय करू?” आणि मग लगेच, “बरं, नंबर लिहून घे.”

त्याच दिवशी मला त्यांचा घोळ कळला. ते आपण होऊन सांगायला लागले. गाडीत कितीही गर्दी असो, सगळ्यांना तिकीट दिल्याशिवाय ते गाडी हलू देत नसत. “एकदा तिकीट फाडलं की मानूस पोचवायची जिम्मेदारी आपली. गाडी बंद पडली तर मागच्या गाडीत बशिवत होतो, पर वाऱ्यावर सोडलं न्हाई कुनाला. तुमी बी नंबर घेता, मंजी माझी तक्रार तुमच्या गाडीत बसली. आज ना उद्या पोचन.”

म्हणजे तो नंबर त्यांना तिकीट वाटत होता. तक्रार मिळाल्याची पावती. नंबराखाली इंग्रजीत लिहिलेलं असायचं की काम समाधानकारक झालं असेल तरच हा नंबर सांगा. काका आकडे तेवढे वाचायचे. जन्मभर तिकिटावरचे आकडेच वाचले होते त्यांनी.

मी सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. काका, नंबर देऊ नका, दिला की तक्रार मरते. पण महिनाअखेरीला साहेबांपुढं सगळं हिरवं दाखवायचं होतं आणि त्या वॉर्डात नंबर देणारा असा माणूस दुसरा नव्हता. मी म्हणाले, “हो काका, बरोबर आहे तुमचं.” जीभ झडली नाही माझी.

पुढं पालिकेनं जागरूक नागरिकांचा सत्कार ठेवला. सगळ्यात जास्त तक्रारी, सगळ्यात जास्त समाधान, म्हणून यादीत पहिले काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, काकूंचा हात धरून. साहेबांचं भाषण स्वच्छ हवेवर होतं आणि काकूंचा खोकला थांबेना. शेवटी मला खूण झाली. मी जाऊन दोघांना दाराबाहेरच्या खुर्च्यांवर बसवलं. नाव पुकारलं तेव्हा काकांना आतपर्यंत यायला वेळ लागला, तोवर टाळ्या संपल्या होत्या. त्यांना एक शाल आणि कडुनिंबाचं रोप मिळालं. ते रोप काकूंनी मांडीवर घेतलं होतं, एवढं मला आठवतं.

थंडी सुरू झाली तसा धूर खाली बसायला लागला. एके सकाळी तक्रार आली, नेहमीसारखी. मुकादमाचा राखेचा फोटो आला, नेहमीसारखा. मी फोन लावला, तर उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. स्क्रीनवर ती एक तक्रार लाल राहिली आणि मला राग आला. खरंच सांगते, काळजी नाही वाटली, राग आला.

पंधरा-वीस दिवसांनी ते स्वतः ऑफिसात आले. डोक्यावर केस नव्हते. मी उठून उभी राहिले. शेजारच्यानं कॉम्प्युटरमध्ये मान घातली. काका माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, तेराव्याला लेक आली होती, तिनं तो मेसेज वाचून दाखवला. मग हळूच विचारलं, “मंजी काम झालं म्हून मीच सांगत होतो का ग, माय?”

त्यांनी यादी बघायला मागितली, मी स्क्रीन वळवली. खालपर्यंत हिरवी यादी. प्रत्येक ओळीत त्यांचं नाव आणि पुढं ‘नागरिक समाधानी’. मराठीत होतं ते. बोट लावून लावून सगळं वाचलं त्यांनी. शेवटच्या लाल ओळीपाशी बोट थांबलं.

ती तक्रार काकू गेल्या त्या सकाळची होती. काका म्हणाले, त्या दिवशी तिला लय दम लागला होता, मला जाऊ नको म्हणत होती. पण आता धूर आहे तोवर फोटो काढला तरच ते मानतील, म्हणून गेलो. नेटवर्क नव्हतं, तीन-चारदा काढावा लागला. परत आलो तर ती उंबऱ्यात बसलेली, दाराला टेकून. हे सगळं त्यांनी एसटीच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात सांगितलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरला आणि खाकरले.

“घे माय, लिहून घे.”

“काका, राहू द्या.”

“न्हाई, लिही. आज खरं हाय. आता तिला धुराचा तरास न्हाई.”

चार आकडे सांगितले. पुन्हा तेच चार आकडे. “जुळलं का?” मी कागदावर लिहिले आणि मान हलवली. तेवढ्यानं भागेना त्यांचं, “तोंडानं म्हण,” म्हणाले. मी म्हणाले, जुळलं. मग ते उठले आणि कठडा धरून जिना उतरले.

लेकीनं त्यांना तिच्या गावी नेलं. घराला कुलूप आहे, दारातलं कडुनिंबाचं रोप वाळून गेलं. त्या वॉर्डातून आता तक्रार येत नाही, आणि साहेब बैठकीत त्या वॉर्डाचं उदाहरण देतात. पहाटे धूर निघतो तो निघतोच. तिकडून जायचं झालं की मी ओढणी नाकाला लावून जाते.

त्या दिवशी काका जिना उतरले, खाली त्यांच्या चपलांचा आवाज बंद झाला, तोवर मी तो कागद हातात धरून बसले होते. मग मी नंबर टाकला. हो, टाकला. बरोबर होता. त्यांचा नंबर कधीच चुकला नाही.