चौथा गडी

माझे साडू आयुष्यात कधी दमले नाहीत; त्यांच्या वाट्याचं दमणंही आजवर मीच दमत आलो आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढ्या एका गुन्ह्यापायी मी काय काय सोसलं ते माझी बायकोसुद्धा ऐकून घेत नाही. त्यांनी मधमाश्या पाळल्या तेव्हा माश्या मला डसल्या. त्यांनी निसर्गोपचार सुरू केला तेव्हा आठ दिवस दुधीचा रस मी प्यालो. त्यांना तो पहिल्याच दिवशी मानवला नव्हता. साठी उलटल्यावर तरी हा माणूस शांत बसेल असं वाटलं होतं. पण मोतीबिंदू काढायला ते पुण्याला लेकीकडे गेले, आणि एका डोळ्यावर हिरवी पट्टी असताना दुसऱ्या डोळ्याने त्यांनी सोसायटीच्या आवारात पिकलबॉल पाहिला.

टेनिसपेक्षा लहान मैदान, कमरेएवढी जाळी, हातात रॅकेटऐवजी फळी आणि भोकाभोकांचा हलका प्लास्टिकचा चेंडू. "नातवंडं झालेल्या बाया खेळत होत्या, पाव्हणं," ते मला फोनवर म्हणाले, "मंग आपल्याला कावून न्हाई यायचा?" चार फळ्या खताच्या पिशवीत घालून ते गावी परतले. त्या दिवसापासून ती पिशवी त्यांच्या खांद्यावरून उतरली नाही. एका दहाव्याला, कावळा पिंडाला शिवायची वाट बघत सगळे ताटकळले असताना, सर्व्हिस कमरेखालूनच का करायची हे त्यांनी शेजारच्या माणसाला हात फिरवून दाखवलं. लोक पुढेपुढे पिशवी दिसली की गल्ली बदलू लागले. हाती लागले ते दोघेच, एक निवृत्त पोस्टमन आणि एक दवाखान्यातला कंपाउंडर. खेळायला चौघं लागतात. चौथा मी.

दर रविवारी पहाटे पाचला फोन वाजायचा. "गडी तीनच हायेत," एवढंच बोलून ते ठेवून द्यायचे. मी गुडघ्याला पट्टा बांधून बीडहून निघायचो, मांजरसुंब्याला चहा घ्यायचो आणि आज शेवटचं, असं त्या कपाला सांगून लिंबागणेशच्या रस्त्याला लागायचो.

मैदान होतं त्यांच्या शेतातलं सिमेंटचं खळं. वडिलांच्या वेळचं. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, पण खळं तेवढं सामाईक राहिलं. वाटणीची रेघ त्याच्या बरोबर मधून जाते. वीतभर बांधावरून साडूंचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. नांगरताना बांध कोणी कोरला, यावर दोघांचंही उत्तर तयार, आणि दोघांचंही बोट समोर. साडूंनी पोस्टमनच्या तोंडी निरोप धाडला की सोयाबीन येईपर्यंत खळं मोकळंच आहे, तिथे खेळावं म्हणतो. थोरल्यांचं उत्तर आलं, "जाळी मधल्या रेघेच्या अंगुळभर इकडं आली तर उपटून फेकीन." साडूंनी हा होकार मानला. डाळिंबावर पाखरांसाठी टाकायची जाळी दोन लोखंडी खांबांना ताणून त्यांनी ती रेघेवर नेमकी उभी केली. तेव्हापासून थोरले रोज सकाळी आपल्या हद्दीतल्या कडुलिंबाखाली हात मागे बांधून उभे राहायचे. खेळ नव्हे, जाळी बघायला.

खेळाच्या रेघा आधी चुन्याच्या होत्या, आणि खेळणारे होते जन्मभर बांधाला डोळे लावून बसलेले. पोस्टमन बोलता बोलता आपली मागची रेघ पायाने पुसायचा आणि वीतभर आत ओढायचा. कंपाउंडर बाजूची ओढायचा. महिन्याभरात मैदान एवढं आक्रसलं की एका बाजूला दोन माणसं उभी राहिली की कोपराला कोपर लागे. शेवटी साडूंनी ऑइल पेंटने रेघा मारल्या आणि सगळ्यांना उभं करून नियम सांगितला. चेंडू ज्याच्या बाजूला पडला, आत का बाहेर ते त्यानेच सांगायचं, समोरच्याने ऐकायचं.

"हा नियम खेळाचा का तुमचा?" मी विचारलं.

"खेळाचाच हाय. समोरच्याच्या तोंडावर भरवसा ठिवायचा." त्यांनी फळीवरची धूळ पुसली. "लई अवघड हाय, मला ठावं हाय." त्यांची नजर लिंबाकडे गेली. घरासमोर एवढं सपाट अंगण असताना या माणसाने जाळी इथेच का बांधली, ते मला तेव्हा कळलं, आणि मला त्यांची फार दया आली.

मग एका रविवारी पोस्टमन लग्नाला गेला. आम्ही तिघंच उरलो. साडू बराच वेळ चेंडू हातात फिरवत राहिले, मग माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "पाव्हणं, इचारा त्यांला. उभं राहता का म्हनावं."

मी विचारायच्या आधीच थोरले चपला काढून आत आले. "माझंच खळं हाय," ते मला म्हणाले, आणि फळी त्यांनी खुरप्यासारखी धरली. ते माझ्या बाजूला. आमचा निभाव लागणार नव्हता, पण त्यांनी धोतर सावरत एकही चेंडू सोडला नाही. साडूंनी मारलेला एक चेंडू आमच्या मागच्या रेघेशी पडला. मी तिथून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तो चांगला चार बोटं बाहेर होता.

थोरले वाकले. हद्दीचा दगड बघावा तसं त्यांनी रेघेवर बोट टेकवलं.

"आत हाय," ते म्हणाले.

साडू जाळीपाशी आले. अकरा वर्षांनी ते थेट बोलले. "दादा, नीट बघितलं का?"

"बघितलं म्हनलं ना. आत हाय. तुझा पाइंट."

साडूंनी सर्व्हिस करायला उगीच वेळ लावला. ऑपरेशनच्या डोळ्याला ऊन सोसत नाही, असं ते डोळे पुसत कंपाउंडरला सांगत होते.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "उद्या येऊ नका पाव्हणं. उगं हेलपाटा तुमाला. चौथा गडी गावातच घावला."

मी सुटलो म्हणालो. बायकोलाही तसंच सांगितलं. आता रविवारी पहाटे फोन वाजत नाही, तरी मी पाचलाच जागा होतो, आणि गुडघ्याचा पट्टा उशाशी घेऊन उजाडेपर्यंत बसून राहतो.