मामाने पेरलेलं घर

घरावर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण पाडलेलं घर रानात पेरणारा माणूस साऱ्या निजामाच्या मुलखात एकच झाला, आणि तो आमचा निंबर्ग्याचा मामा!

मातीच्या भिंतींचं, माळवदाचं ते घर. त्याचा इतिहास मामाला तोंडपाठ. पाणी मागायला आलेल्या वाटसरूलाही आधी इतिहास मिळे, मग पाणी. मधली तुळई करजगीहून दोन गाड्या जोडून कशी आणली, आजा कुठल्या खांबाला टेकून बसायचा, आपण आणि आपली अक्का, म्हणजे माझी आई, कुठल्या कोपऱ्यात जन्मलो. मराठी माणसाला मराठीत, कानडी माणसाला कानडीत, सरकारी माणसाला उर्दूत. दार एवढं बुटकं की वाकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. नव्या सडकेसाठी घर मोजायला आलेला अंमलदार इतिहास ऐकत ऐकत आत शिरला आणि कपाळावर टेंगूळ घेऊन बाहेर पडला. मामाने धावत हळद आणली आणि लावता लावता त्याला समजावलं की हे घर आधी नमस्कार घेतं, मग पाणी देतं.

तरी घर सडकेत गेलंच. तेव्हापासून आई निंबर्ग्याला जाईना. मामा न्यायला आला तर म्हणाली, "घर पडलं तवाच माझं माहेर सरलं. आता कुणाच्या दारात येऊ?"

हे मामाला फार लागलं. जुन्या भिंतींची माती खत म्हणून शेतात सगळेच नेतात आणि विस्कटून मोकळे होतात. मामाने सोप्याची वेगळी, देवघराची वेगळी, चुलीजवळची वेगळी अशी गाडी गाडी नेली आणि रानात घराच्या मापाने पसरली. ज्वारी पेरताना दाराची जागा आली की पट्ठ्या पाभर उचलून धरी. सोपा तर पंगतीसाठी मोकळाच ठेवला. बांधावरचे लोक बघायला येऊन पोट धरधरून हसले. "हसा की," मामा म्हणाला, "पर चपला काढून हसा. देवघरात उभे हाव तुम्ही."

येळवस आली, म्हणजे शेतात पूजा करून जेवायची आमच्याकडची अमावास्या. मामाने आईला गळ घातली, "एकडाव ये अक्का. मग ये म्हणणार न्हाई." आई कुरकुरत आली. ज्वारी डोक्यावर गेलेली, चुलीच्या मातीतली तर हातभर जास्तच! मामाचा आनंद काय सांगावा! भज्जीचं, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीचं, पातेलं कुठे, आंबिलीचं मडकं कुठे, सगळं घरातल्या जागी. कुणी चुकीच्या जागी टेकलं की उठवून हलवत होता.

आई मात्र बांधावरच थांबली. तिला बघून मामा हातातलं काम टाकून उभा राहिला. मग आई निघाली. ज्वारीतल्या त्या दाराएवढ्या वाटेशी येताच तिने पदर सावरला, मान खाली घातली आणि चांगली वाकून आत गेली. वर तर नुसतं आभाळ होतं.

आत जाऊन ती सोप्यात बसली आणि म्हणाली, "पाणी दे रे."

मामाने तांब्या आणला. इतिहास काही त्याला सांगता आला नाही.