एकही चूक नसलेला निबंध

डोळखांबकडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. इतक्या वर्षांत एक खोड जडली आहे. चुका दिसल्या की जीव भांड्यात पडतो, नाही दिसल्या की डोकं फिरतं.

त्या वर्षी तालुक्याच्या निबंध स्पर्धेसाठी शाळेतून एकच नाव पाठवायचं होतं. विषय होता ‘माझे वडील’. नववीतल्या एका मुलीने पानभर इंग्रजी लिहून आणलं, एकही चूक नसलेलं. ही तीच मुलगी, जिच्या वहीत ओळीला दोन चुका ठरलेल्या. वडील पहाटे उठतात, बॅग घेऊन ऑफिसला जातात, येताना फळं आणतात. मी मनात म्हटलं, बाई गं, मला शेंडी लावतेस?

शहापूरच्या दुकानात उभ्या उभ्या मी सगळी गाइडं चाळली. मोबाइलवरही वाक्यं टाकून बघितली. कुठेच सापडेनात, आणि तरी ती कुठेतरी वाचल्यासारखी वाटत होती. त्यामुळे संशय आणखीच वाढला. दुसऱ्या दिवशी भर वर्गात तिला सुनावलं, “कॉपी केलीस. नाव जाणार नाही तुझं. उद्या वडिलांना घेऊन ये.”

वडील आले नाहीत. ती एकटीच आली, सिमेंटच्या गोणीत वह्या भरून. दिवाळीनंतर पाड्यावरची घरं वीटभट्ट्यांवर जातात. सोबत जाणारी पोरं आपल्या वह्या मागे राहणाऱ्यांकडे ठेवून जातात. हिला मामाकडे ठेवलेलं, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या वह्या हिच्यापाशी साठल्या होत्या.

तिने एकेक वही उघडून बोट ठेवलं. निबंधातलं प्रत्येक वाक्य तिथे होतं, पोरांच्या चुकलेल्या ओळीच्या वर, लाल शाईत, माझ्याच अक्षरात. मी ज्या चोरीचा माग काढत होते, तो माल माझ्याच घरचा निघाला. मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं.

“तुझे वडील ऑफिसात जातात?” मी विचारलं.

“नाय मॅडम. भट्टीवर हायेत, आईसंगती.”

“मग तसं का नाही लिहिलंस?”

“लिवलेलं की, पहिल्या चाचणीत. सगला कागद लाल करून दिलाव तुमी.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “यातलं सगलं तुमीच बरोबर केलेलं हाय. हे चुकायचं नाय. आता नाव घालाल ना?”

मी तिच्यासमोरच यादीत तिचं नाव लिहिलं. तिने वह्या गोणीत भरल्या आणि वर्गात गेली.

तो चाचणीचा पेपर मला आठवला. कुठे काळ चुकला होता, कुठे क्रियापदच नव्हतं, सगळं आठवलं. वडिलांबद्दल तिने काय लिहिलं होतं, ते मात्र काही केल्या आठवेना.