क्लॅरीचं बूच

क्लॅरी कुणाकडे चहाला गेला होता, हे मूंटा गावात विचारावं लागत नसे. दारापुढचा तेलाचा डागच सांगे. त्याच्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनात कोंडलेला वारा एका नळीवाटे बाहेर पडे आणि जाताजाता थोडं तेलही घेऊन जाई.

शेजारच्या विधवा ईनिडने अंगणात नवं काँक्रीट घातलं आणि त्याला बजावलं, "रविवारी जेवायला या. पण एक थेंब जरी सांडलात, तर तुमचं ताट कुत्र्याला."

क्लॅरीला जेवणापेक्षा वाढणारी हवी होती. त्याने नळीला घट्ट बूच मारलं आणि ऐटीत, समुद्रकाठचा लांबचा वळसा घालून तो आला. तोवर कोंडलेल्या वाऱ्याने इंजिनाचा सांधा न् सांधा उसवला होता. तेलाने त्याची विजार भिजली, बूट भरला आणि काँक्रीटवर थारोळं साचलं.

"अहो, थेंब म्हटलं होतं मी!"

"बूच मारलं होतं," क्लॅरी पुटपुटला.

ईनिडने वाकून बूच उपटलं. फुस्स झालं.

"तुमचंही हेच. इतकी वर्षं कुंपणापलीकडून नुसतं पावसापाण्याचं बोलता. कोंडून ठेवलं की असं फुटतं."

तिने जॅमची रिकामी बरणी आणली, झाकणाला दोन भोकं पाडली, एकातून नळी आत सोडली आणि बरणी तारेने बांधली.

"वारा जाईल, तेल राहील. आता बोला. जेवण निवतंय."

क्लॅरीने भिजल्या बुटाकडे पाहिलं. "ही बरणी रिकामी करायला रोज आलो तर चालेल?"

"चालेल. बूट बाहेर काढून."