आतोबांचं दार

माझ्या आतोबांना बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस अख्ख्या खाप्यात शोधून सापडला नसता. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. बाजारात त्यांचं औषधांचं दुकान होतं. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि नागपूरहून खाप्याला जायचं म्हणजे हाडं खिळखिळी करून घ्यायची. पोचावं तर हे दुकानात येरझाऱ्या घालताहेत! चालता चालता खलात पूड घोटायची, चालता चालता बाटलीवर डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची. 'हलवून प्या' असं गिऱ्हाइकाला सांगायची गरजच नसे. औषध त्यांच्या हातात पुरेसं हललेलं असायचं. शिसवी खुर्ची होती एक, पण तिच्यावर बोरिक पावडरचे डबे बसत. जेवतानासुद्धा हा गृहस्थ अर्धा उठलेला. "पाटाले इंचू चिकटला हाय का जी?" असं माझे वडील त्यांना छेडत. ते हसत आणि हसता हसता उठत.

बरं, स्वतः फिरत तर फिरत, इमारतीलाही उसंत देत नसत. मुळात ती सुताची वखार. बाजाराकडे एकच दार आणि दारापुढे ऐसपैस ओटा. वखार जाऊन औषधं आली तरी ओटा गावच्या म्हाताऱ्यांचाच राहिला. सकाळपासून तिथं तंबाखू, कापसाचे भाव आणि दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं. गावची रीत अशी, की वडीलधारे बसले असताना सुनेनं त्यांच्या पुढून जायचं नाही. आणि ओट्यावर कोणाचा ना कोणाचा सासरा असायचाच! मग बायकांनी औषध न्यायचं कसं? नेतच नसत. नवऱ्याला सवड झाली तर तो आणी, नाहीतर ताप अंगावर काढायचा. खुद्द माझी आत्या एकदा तान्ह्या मुलीला घेऊन समोरच्या निंबाखाली उभी राहिली होती. पोरीचा कान फुटलेला, नवरा आत, आणि ओट्यावर तिचे सासरे. ते उठेपर्यंत ती तशीच उभी. त्या पोरीला, माझ्या आतेबहिणीला, एका कानानं पुढे कधीच ऐकू आलं नाही.

तेव्हापासून आतोबांच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. बापाला 'उठा' म्हणायची छाती त्या काळात कोणाची होती? त्यांनी गवंडी बोलावला. बायकांसाठी पूर्वेला वेगळं दार काढलं, तर निम्म्या म्हाताऱ्यांना तिकडे कोवळं ऊन सापडलं! ते बुजवून उत्तरेला काढलं, तर तिकडे दिवसभर सावली. "तुह्या दुकानाले बरकत येऊन राहिली गा, दरसाली नवं दार!" असं कौतुक करत मंडळी सतरंजीसकट हजर. भिंतीवर बुजवलेल्या दारांची ठिगळं पाहून आत्या कपाळाला हात लावी. "भिंत हाय का गोधडी?" म्हणे.

शेवटी मागच्या बोळात दार निघालं. आणि जन्मात खोटं न बोललेला हा माणूस ओट्यावर जाऊन वखारीचा इतिहास सांगू लागला. "वखार बंद काहून पडली, मालूम हाय का? पलेगात मागच्या खोलीत मुडदे ठेवत होते!" तिथं कधी सुताच्या लड्यांखेरीज काही ठेवलेलं नव्हतं. पण कहर म्हणजे एका म्हाताऱ्यानं "मी सोता पाह्यले ना" अशी साक्ष दिली! झालं, बोळाकडे कोणी फिरकेना. आत्यानं विहिरीवर बायकांना खरं काय ते सांगितलं होतं. मग बोळातून पदराआड रिकाम्या बाटल्या येऊ लागल्या.

मिळालं ना दार? मग आता तरी बसावं! मी एकदा चिडून तसं म्हटलंसुद्धा. आतोबा बोळाकडे बघत म्हणाले, "आता मीच म्हातारा झालो ना गा. बसला माणूस बायाइकडे पाहून राहते, फिरता माणूस कामात असते. मी बसलो, त बाया दारातूनच वापस जातीन."



शेवटच्या दुखण्यात त्यांची खाट मागच्या खोलीत टाकली होती, अगदी बोळाच्या दाराला लागून, त्यामुळे ते दार उघडत नव्हतं. बायका भेटायला आल्या त्या बाजाराकडून, आणि ओट्यावर म्हातारे बघून निंबाखाली थबकल्या. आत बांगड्या ऐकू आल्या. आतोबा कोपरावर उठू लागले. "उठवा मले. बाया उभ्या हायेत."

आत्या तरातरा पुढच्या दाराशी गेली. पदर डोक्यावरच होता, पण सगळ्या म्हाताऱ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, "या वं, अंदर या साऱ्याजणी. हे नाही उठत आता."

 ओट्यावरून आधी तो मुडद्यांची साक्ष देणारा, आता पार वाकलेला म्हातारा उठला, मग बाकीचे. त्यांनी सतरंजी गुंडाळली आणि ते रस्त्यात जाऊन उभे राहिले. बायका ओट्यावरून आत आल्या, खाटेभोवती दाटीवाटीनं बसल्या. आतोबा तरीही उठायला बघत होते. आत्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पडा आता उगेमुगे. आल्या त्या."

त्यांनी एकेकीचं तोंड पाहिलं आणि उशीवर डोकं टेकलं. इतकं स्वस्थ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बसायचं मात्र राहूनच गेलं त्यांचं.