सातच्या फोनवर पास झालेलं गाणं

मला एक गाणं स्टेजवर म्हणायचं होतं. माइकसमोर, पूर्ण, आयुष्यात एकदा. कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? मलाही तसंच वाटायचं.

गाणं पंचवीसेक वर्षांपूर्वीचं. त्यातली मुलगी घरातून निघताना सांगते, की मी चालले, माझं ताट झाकून ठेवा, आणि परत कधी येणार ते विचारू नका. बाकी गोष्ट काही नाही. ठेका मात्र असा, की पाय गप्प बसत नाहीत. माझं माहेर वडूजजवळ. बारावीनंतर मी वडूजला शिवणक्लासला जायचे. खाली कॅसेटचं दुकान होतं आणि तिथं ते दिवसभर वाजायचं. आम्ही आठ-दहा मुली शिलाई मशीनचं पायडल त्याच ठेक्यावर मारायचो. टाके वाकडे जायचे आणि बाई ओरडायच्या. पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं.

सासर कऱ्हाडच्या अलीकडे, उसातलं. नवरा फौजेत. तिथं ते गाणं मी ऐकलं धाकट्या दिराच्या वरातीत. ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर, आणि समोर दीर, त्याचे मित्र, चुलतसासरे, सगळे हात वर करून नाचत होते. कधी येणार ते विचारू नका, असं पुरुष ओरडून म्हणत होते. त्यांना तसंही कोण विचारत होतं? आम्ही बायका डोक्यावर पदर घेऊन मागून चालत होतो. मला हसू आलं आणि मग फार राग आला, कारण पाय माझेही हलत होते आणि मी ते दाबून धरले होते.

पुढे मी अंगणवाडीत लागले. तालुक्याच्या एका मेळाव्यात मी स्वागतगीत म्हटलं, तेव्हा सांगलीच्या एक बाई आल्या होत्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. महिला दिनाला त्या सांगलीत कार्यक्रम बसवत होत्या, गाण्यातली बाई दर दहा-वीस वर्षांनी कशी बदलत गेली याचा. "आधी ती पाया पडते, मग रडते, मग भांडते आणि मग दार उघडून निघते," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज निघणारीचा आहे." सहा गाण्यांची यादी त्यांनी हातात दिली. आवडेल ते निवड, म्हणाल्या. यादीत तिसरं माझं गाणं होतं. घरी येईपर्यंत एसटीत मी ते मनातल्या मनात तीनदा म्हटलं.

आणि मग मी चूक केली. ती आमच्याकडची फौजीची बायकोच करू शकते.

तेव्हा ह्यांची ड्युटी अशा ठिकाणी होती, की संध्याकाळी सात ते साडेसात तेवढीच रेंज यायची. त्या अर्ध्या तासात माझा फोन बिझी लागता कामा नये, चार्जिंग संपता कामा नये, हा घराचा नियम. फोन लागला की तो स्पीकरवर टाकून बाहेरच्या सोप्यात ताटाला टेकवून ठेवायचा, म्हणजे सगळ्यांना बोलता येतं. नवऱ्याशी एकटीनं बोलायचं ही पद्धतच नव्हती. आणि घरातलं जे काही विचारायचं ते त्याच वेळी विचारून घ्यायचं. खत, पाहुणे, पोराची फी, सगळं. त्या रांगेत मी माझी यादी लावली.

"आवं, सांगलीला गाण्याचा कार्यक्रम हाय. मला बोलवलंय."

"मग जा की! त्यात काय इचारायचं?" हे म्हणाले. "कुठली गाणी?"

मी वाचायला लागले. पहिल्यात बायको नवऱ्याचे पाय धुते. सासूबाई म्हणाल्या, "हे लय चांगलं हाय. असली गाणी आता कुठं राह्यली?" दुसऱ्यातली कामगार बाई नवऱ्याला सांगते, आज पोर तू सांभाळ. "आणि बाप्यानं पोरगं घिऊन बसायचं? हासत्याल की लोकं," असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. लावणी तर मी पुढचं वाचायच्या आतच बाद झाली. आजकालच्या मुलींचं ते तालावर बोलत म्हणायचं गाणं होतं, नाही म्हणजे नाही असं. त्यावर दीर म्हणाला, "वहिनी, आपल्या घरात तुमाला कुणी काय म्हणलंय काय? मग कशाला?"

माझं गाणं मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. भाताखाली कारलं लपवावं तसं भराभर वाचलं. दीर उडालाच. "ते? वरातीतलं? आवं वहिनी, ते बायकांचं गाणं न्हवं!"

एका मुलीनं म्हटलेलं गाणं. मी ताटाला टेकवलेल्या फोनकडे बघत राहिले.

हे तिकडून हसले. "अगं, युनिटात आपल्याकडची लय पोरं हायती. व्हिडिओ फिरंल. फौजी बर्फात, आन बायको म्हंती मी चालले. तसं नको. दुसरं काय हाय?"

दुसरं शेवटचं होतं. फौजीची बायको दारात उभी राहून विचारते, कधी याल? मी एकच ओळ वाचली. फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. मग हे म्हणाले, "हे म्हण." सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. गाणं पास झालं.

कुणी रागावलं असतं तर मलाही भांडता आलं असतं. पण सगळे हसत होते, प्रेमानं बोलत होते, आणि साडेसातला रेंज गेली.

सांगलीच्या बाईंना मी हे सांगितलं. "विचारलंस कशाला?" त्या म्हणाल्या.

"न विचारता यायचं कसं बाई?"

"यायचं विचारायचं. गायचं कशाला विचारलंस?"



माझं गाणं कॉलेजातल्या एका मुलीनं म्हटलं. मी पडद्याआड उभी राहून ऐकलं. दुसऱ्या कडव्यात ती ओळ विसरली, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मग मी गेले आणि कधी याल, असं गायले. अख्खं थिएटर रडलं. पुढच्या रांगेतल्या बायका हुंदके देत होत्या. दुसऱ्या दिवशी रेंज जायच्या जरा आधी ह्यांचा फोन आला आणि आवाज इतका जड होता की ह्यांना बोलताच येईना. सातला रेंज आल्याबरोबर युनिटात सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला म्हणाले. एकट्या माझ्याच डोळ्यांत पाणी नव्हतं.

तेव्हापासून मी तेच गाते. पंधरा ऑगस्ट, शाळेचं गॅदरिंग, माजी सैनिकांचा मेळावा, अगदी हळदी-कुंकूसुद्धा. निवेदक म्हणतो, आता एका वीराच्या पत्नीचा आवाज. गेल्या वर्षी हे रिटायर होऊन घरी आले. मला वाटलं, सुटले. आता नवरा समोर बसलाय म्हटल्यावर कधी याल म्हणून कुणाला विचारायचं? पण हे पहिल्या रांगेत बसतात, मी ह्यांच्याकडे बघून विचारते, आणि लोक ह्यांच्याकडे बघून डोळे पुसतात. कार्यक्रमांच्या तारखा हेच ठरवतात. गाडी चालवतात, साडीची पिशवी धरतात, माझ्या घशासाठी थर्मासमधून गरम पाणी आणतात. ह्यांचा राग येतो, आणि इतक्या नीट वागणाऱ्या माणसाचा राग आला म्हणून माझीच मला लाज वाटते.

परवा फेब्रुवारीत सांगलीहून दुपारी परत येत होतो. आष्ट्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या होत्या, गाडी हलेना. मी सरळ बोलले. "मला हे गाणं नको झालंय. मला ते तिसरं म्हणायचं होतं. तुमी नको म्हणालात."

हे दचकले. ह्यांना ती यादी आठवतसुद्धा नव्हती. मग म्हणाले, "अगं, मग म्हण की. आत्ता म्हण. मला ऐकू दे."

आणि ट्रॉल्यांवरची माणसं आमच्याकडे बघत होती, म्हणून ह्यांनी आधी चारी काचा वर केल्या.

मी म्हटलं. दोन्ही कडवी, एक ओळ न विसरता. गाडीत उकडत होतं, माझा घाम गळ्यावरून ओघळत होता आणि आवाज काचांवर आपटून माझ्याच कानात येत होता. ह्यांनी स्टिअरिंगवर ठेका धरला. गाणं संपलं तेव्हा ह्यांचा चेहरा खुलला होता.

"लय भारी म्हंतीस गं," हे म्हणाले. "येताना रोज म्हणत जा."

काच खाली करायला मी बटण दाबलं. काच हलली नाही, काचांचं लॉक ह्यांच्या बाजूला होतं. "थांब, पुढं मोकळं होऊ दे. तवर अजून एकदा म्हण," हे म्हणाले.

मी परत म्हटलं.