अकरा सायकली, चौतीस मैल

१९५६ च्या ऑक्टोबरातला शेवटचा रविवार. जमवायचे चारशे रुपये. सकाळी सहा वाजता उज्जैनच्या माधव नगर चौकात हजर होते अकरा सायकलस्वार, हिशेबाला मी, आणि एक मंडपवाला. मंत्री गैरहजर.

“रीतसर होऊ द्या,” अकरा स्वारांतले सर्वांत वयस्कर, कचेरीतले आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले आणि सायकल पुन्हा स्टँडवर लावली. चार पिढ्या ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत गेलेलं घराणं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. घरी नवा कंदील आणला तरी तो पेटवायला वडीलधारं माणूस बोलावणारी.

चारशे रुपये कशाला, ते सांगतो. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या राधाबाईंच्या मुलीला क्षय झाला होता. इंदूरजवळच्या रुग्णालयात खाट मिळत होती. सहा महिन्यांचे चारशे रुपये महिनाअखेर भरायचे होते. कल्पना भाऊसाहेबांचीच. अकरा जणांनी सायकलवर इंदूर गाठायचं आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मिळून मैलामागे बारा रुपये द्यायचे. चौतीस मैलांचे चारशे आठ. महिनाभर दुकानोदुकानी फिरून शब्द मिळवला तोही त्यांनीच.

पण झेंडी दाखवायला त्यांना मंत्री हवे होते. मी म्हटलं, भाऊसाहेब, गुरुवारी मध्यभारत राज्यच मध्यप्रदेशात बुडणार, मग हे कुठले मंत्री?

“आज तर आहेत ना?” ते म्हणाले.

मंत्री दुपारी दीड वाजता आले. तोवर हारांवर तीनदा पाणी शिंपडून झालं होतं. मग अकरा जणांना ओवाळणं, अकरा हार, भाषण. वाटेतल्या सांवेरला पोहोचेपर्यंत दिवस मावळला. बत्ती दोनच सायकलींना. बिगरबत्तीची सायकल चालवणं गुन्हा, म्हणून भाऊसाहेबांनीच सगळ्यांना थांबवलं. सोळा मैल झाले होते.

व्यापाऱ्यांच्या वतीनं कापडवाल्या सेठनं पैसे दिले. “सोला मील के एक सौ बानवे. बात मील की हुई थी, बाबूजी.”

सोमवारी कचेरीत नव्या राजधानीला, भोपाळला जाणाऱ्या दप्तरांच्या पेट्या भरल्या जात होत्या. नोकरीत कधी रजा न घेतलेल्या भाऊसाहेबांनी त्या दिवशी रजा टाकली, बसनं सायकल सांवेरला नेली आणि उरलेले अठरा मैल एकटे चालवत इंदूरला गेले. हार नाही, झेंडी नाही. रात्री माझ्या ओट्यावर बसले तेव्हा त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. तरी खुशीत होते. “झालं बरं का पुरं,” म्हणाले.

मंगळवारी आम्ही दोघं दोनशे सोळा रुपये मागायला गेलो. सेठनं पान जमवलं, तोंडात टाकलं.

“ग्यारह सवार की बात थी. आप तो एक हैं.”

आणि त्यानं दोनशे सोळाला अकरानं भागलं. एकोणीस रुपये दहा आणे गादीवर मोजून ठेवले. भागाकार अगदी बरोबर होता, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी तोंडाला येईल ते बोलू लागलो. भाऊसाहेबांनी माझं मनगट धरलं.

“राहू द्या. शब्द अकरा जणांचाच होता.”

सेठवर मी आजही चिडतो. पण त्याहून जास्त मी या वाक्यावर चिडतो. ती मुलगी सतरा वर्षांची होती, आणि हा माणूस तिच्या बाजूनं भांडायचं सोडून समोरच्याची रीत सांभाळत होता.

त्याच आठवड्यात ते पेट्यांबरोबर भोपाळला गेले. निरोपाला मी स्टेशनवर गेलो नाही. ते पुन्हा उज्जैनला आले नाहीत, भोपाळलाच वारले. मुलीला जानेवारीच्या शेवटी घरी आणावं लागलं, कारण खाट दुसऱ्याला दिली गेली.

एकूण जमले दोनशे अकरा रुपये दहा आणे. पैकी दोनशे रुग्णालयाच्या खजिनदाराला, तीन महिन्यांचे. अकरा रुपये दहा आणे राधाबाईंना, येण्याजाण्यासाठी. आणि मंडपवाल्याला, हारांसकट, सत्तेचाळीस रुपये. ते भाऊसाहेबांनी आपल्या पगारातून दिले, एकरकमी, गाडीत बसण्याआधी.